‘यंत्रमानव’ कीं वेठ्या ?

एखादा शब्द जगाच्या तोंडीं बसला म्हणजे तो ज्या ग्रंथांतून निघाला त्या ग्रंथाची वाचकांना फारशी गरज उरत नाहीं. ‘रोबॉट’ हा शब्द आज शाळेंतल्या मुलांच्याहि तोंडीं आहे. अमक्या कारखान्यांत रोबॉट आले आणि तमक्या कोठारांत माणसें कमी झालीं, हें वर्तमान वृत्तपत्रांत नाहीं असा आठवडा जात नाहीं. परंतु ज्या चेक नाटकानें हा शब्द जगाला दिला तें कारेल चापेकचें ‘आर. यू. आर.’ हें नाटक वाचलेला मनुष्य आपल्याकडे क्वचितच भेटतो. आणि जो भेटतो त्यालाहि बहुधा एवढेंच आठवत असतें कीं, त्यांत यंत्रें माणसांवर उठतात व माणसांचा संहार करतात. १९२० सालीं प्रसिद्ध झालेलें आणि २५ जानेवारी १९२१ रोजीं प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहांत रंगभूमीवर आलेलें हें नाटक आम्हीं नुकतेंच पुन्हां एकवार वाचलें. आणि आमचें मत असें झालें कीं, या नाटकाची कीर्ति जितकी मोठी तितकाच त्याविषयींचा गैरसमजहि मोठा आहे. त्या गैरसमजाला आपल्या मराठीनेंहि एका चुकीच्या भाषांतरानें हातभार लावला आहे, म्हणून त्याची चर्चा येथें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम शब्दच घेऊं. नाटकांतील कृत्रिम कामकऱ्यांना काय नांव द्यावें हें चापेकला सुचेना. लॅटिन धाटणीचें एक नांव त्याच्या मनांत होतें, पण तें त्याला पुस्तकी वाटलें. त्याचा वडील भाऊ योसेफ हा चित्रकार. तो तोंडांत कुंचला धरून चित्र काढीत होता. त्यांना रोबॉट म्हणावें असें तो तशा स्थितींतच पुटपुटला, अशी हकीकत चापेकनें पुढें १९३३ सालीं एका वृत्तपत्रांत स्वतः सांगितली आहे. हा शब्द ‘रोबोता’ या जुन्या शब्दावरून निघाला. रोबोता म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानें करावयाची सक्तीची मजुरी. ही मजुरी आठवड्यांतून तीन दिवसांहून अधिक घेऊं नये म्हणून मारिया थेरेझा राणीनें १७७५ सालीं जो हुकूम काढला त्याला इतिहासांत ‘रोबोट-पेटंट’ असेंच नांव आहे. आणि ती पद्धति बोहेमियांत कायद्यानें बंद झाली ती १८४८ सालीं. चापेकचा जन्म १८९० चा. म्हणजे घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनीं ज्या गोष्टी डोळ्यांनीं पाहिल्या किंवा आईबापांच्या तोंडून ऐकल्या, त्यांतला हा शब्द आहे. यास मराठींत नेमका प्रतिशब्द आहे आणि तो शोधण्यास कोशाचीहि जरूर नाहीं. तो शब्द म्हणजे वेठ. रोबॉट म्हणजे वेठ्या, बिगारी.

आपण मात्र त्याचें भाषांतर केलें ‘यंत्रमानव’. शब्द दिसावयास भारदस्त आहे. पण चापेकचे रोबॉट यंत्र नव्हेत, आणि आजच्या कारखान्यांतले रोबॉट मानव नव्हेत. चापेकच्या कारखान्यांत लोखंडाचें नांव नाहीं. तेथें पिंपांतून काळजें व मेंदू तयार होतात, चात्यांवर सूत काढावें तशा शिरा काढतात, आणि रासायनिक कणीक मळून तिचीं शरीरें घडवितात. त्यांचा रोबॉट हाडामांसाचाच असतो; फक्त तें मांस निसर्गाचें नसतें. असा हा ‘यंत्रमानव’ दोहों बाजूंनीं फसलेला आहे. तो नुसता फसता तर आमची तक्रार नव्हती. भाषेंत असे पुष्कळ शब्द सुखानें नांदतात. पण या शब्दानें वेठ गाळली. आणि वेठ गळाली म्हणजे ती कोणाची, कोणासाठीं व कोणाच्या हुकुमानें हे प्रश्नहि तिच्याबरोबर गळतात. मग उरतें काय, तर पत्र्याचा माणूस आणि त्याचें भय. मुलांच्या चित्रपटांना तेवढें पुरतें.

नाटकाचें कथानक थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. एका दूरच्या बेटावर रोसुमचा कारखाना. म्हातारा रोसुम हा शास्त्रज्ञ. देवावांचून माणूस घडवितां येतो हें सिद्ध करण्याच्या हट्टाला पेटलेला. धाकटा रोसुम इंजिनियर. त्याला देवाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. माणसाला फिडल वाजवावेंसें वाटतें, फिरावयास जावेंसें वाटतें. या गोष्टी कामाच्या दृष्टीनें निरुपयोगी. त्या काढून टाकल्यावर जें उरलें तो रोबॉट. या बेटावर मानवता-संघाची प्रतिनिधि म्हणून हेलेना ही तरुणी येते. रोबॉटांवर होणारा जुलूम थांबवावा हा तिचा हेतु. पहिल्याच भेटींत ती सुला नांवाच्या रोबॉट मुलीला माणूस समजते, आणि पुढें कंपनीचे जे संचालक तिला भेटतात त्यांना रोबॉट समजून त्यांच्या हक्कांविषयीं व्याख्यान देऊं लागते. हा प्रवेश विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. पण एकच काम आयुष्यभर करणारे संचालक आणि त्यांचे कामकरी यांतला फरक बाहेरच्या माणसाला कळूं नये, ही थट्टा आम्हांस सबंध नाटकांत अधिक झोंबणारी वाटते.

आतां खरे रोबॉट पाहा. १९६१ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील जनरल मोटर्सच्या एका कारखान्यांत ‘युनिमेट’ नांवाचा पहिला औद्योगिक रोबॉट कामावर रुजूं झाला. जॉर्ज डेव्हॉल यानें त्याची कल्पना काढली व जोसेफ एंगेलबर्गर यानें तिचा धंदा केला. या रोबॉटाला डोकें नव्हतें, तोंड नव्हतें, पाय नव्हते. सुमारें चार हजार पौंड वजनाचा तो एक हात होता. सांच्यांतून निघालेले धातूचे तापलेले तुकडे उचलणें हें त्याचें काम. धाकट्या रोसुमनें माणसांतून फिडल आणि फेरफटका वगळला होता. या मंडळींनीं बाकीचा माणूसहि वगळला. १९६९ सालीं जपानांत कावासाकी कंपनीनें हेच हात बनविण्यास सुरुवात केली, आणि तेथून पुढें मोटारींचे सांधे जोडणें, रंग फवारणें, विजेच्या उपकरणांतील बारीक चकत्या धूळ न लागतां उचलणें अशीं कामें ते करूं लागले. २०२३ च्या अखेरीस जगाच्या कारखान्यांत असे सुमारें ४२ लाख ८० हजार हात कामावर होते. त्या एका वर्षांत सुमारें ५ लाख ४१ हजार नवे बसविले गेले. पैकीं निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्यें, आणि भारतांत साडेआठ हजार. अलीकडे कांहीं कंपन्या दोन पायांचा व डोक्याचा रोबॉट कारखान्यांत आणूं पाहत आहेत. त्याचेंहि कारण गंमतीचें आहे: जिने, दरवाजे, हत्यारें हीं सारीं माणसाच्या मापानें केलेलीं, म्हणून रोबॉटालाहि माणसाचें माप घ्यावें लागतें.

या खऱ्या रोबॉटांच्या शेजारीं ठेवून नाटक वाचलें म्हणजे त्यांतलीं कांहीं स्थळें एकदम उजळतात. आरंभींच्या प्रवेशांतच डॉक्टर गॉल सांगतो कीं, रोबॉटांना वेदना होत नाहींत म्हणून ते स्वतःचे हात यंत्रांत घालून मोडून घेतात, आणि कंपनीचें नुकसान होतें. सबब त्यांना वेदनेची जाणीव द्यावयाची आहे. दयेखातर नव्हे, मालमत्तेच्या रक्षणासाठीं! वेदना ही देखील खातेवहींत खर्चाच्या बाजूला मांडतां येते, हें दाखविणारा असा निर्विकार संवाद आमच्या वाचनांत दुसरा नाहीं.

इतिहासानें या संवादाला एक विलक्षण पुरवणी जोडली. २५ जानेवारी १९७९ रोजीं, म्हणजे प्रागच्या त्या पहिल्या प्रयोगाला बरोबर अठ्ठावन वर्षें झालीं त्या दिवशीं, मिशिगनमधील फ्लॅट रॉक येथें फोर्ड कंपनीच्या ओतकामाच्या कारखान्यांत एक पंचवीस वर्षांचा कामगार सुटे भाग काढण्यासाठीं मांडणीवर चढला असतां माल वाहणाऱ्या रोबॉटाच्या हाताचा तडाखा बसून जागच्या जागीं ठार झाला. रोबॉटामुळें झालेला हा पहिला मृत्यु समजतात. यांत बंड नव्हतें, सूड नव्हता. वाटेंत माणूस आहे हें त्या हाताला कळतच नव्हतें. रोबॉट पिंजऱ्यांत ठेवावा, तो चालूं असतां माणसानें आंत जाऊं नये, ही शिस्त अशा अपघातांनीं पक्की केली. पुढें डेन्मार्कमधील ओडेन्से येथील युनिव्हर्सल रोबॉट्स या कंपनीनें २००८ पासून असे हलके हात विकावयास काढले कीं ज्यांना कशाचा स्पर्श झाला कीं विरोध जाणवतो व ते थांबतात. पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या दुचाकींच्या कारखान्यांत कामगार अशा हातांच्या शेजारीं उभे राहून काम करतात. गॉलनें रोबॉटाला वेदना दिली ती रोबॉटाचा हात वांचावा म्हणून; येथें ती दिली आहे माणसाचा हात वांचावा म्हणून. न्यायाची गोष्ट म्हणून हें सांगितलें पाहिजे कीं, या एका बाबतींत वास्तव हें नाटकाहून अधिक सुसंस्कृत निघालें.

दुसरें स्थळ याहून मार्मिक आहे. मराठींत ‘वेठ मारणें’ असा एक वाक्प्रचार आहे. मनाविरुद्ध पडलेलें काम कसेंबसें उरकणें याला आपण वेठ मारणें म्हणतों. ज्याला वेठीस धरलें त्याच्यापाशीं बंडाचें बळ नसतें, पळून जाण्यास ठिकाण नसतें. काम वाईट करणें एवढेंच त्याच्या हातीं उरतें, आणि तें तो मन लावून करतो! चापेकला हें पुरतें ठाऊक होतें. त्याच्या रोबॉटांना मधूनमधून एक झटका येतो. चांगला चाललेला रोबॉट हातांतलें काम एकाएकीं टाकून देतो, दांतओठ खातो व तसाच उभा राहतो. चालक त्याला अपस्मारासारखा बिघाड समजतात व अशा रोबॉटाला मोडींत काढतात. हेलेनाला मात्र त्यांत आत्म्याची चाहूल लागते. आमच्या मतें बंडाचा सगळा दारूगोळा या चार वाक्यांत आहे. पुढच्या अंकांतील तोफा त्यापुढें फुसक्या.

खऱ्या रोबॉटाला असा झटका येत नाहीं. पहिला सांधा आणि लाखावा सांधा त्याच्या लेखीं सारखाच. मालकाला तो प्रिय झाला तो केवळ स्वस्त म्हणून नव्हे, तर यासाठींहि. त्याच्या येण्यानें कामगाराच्या हातून नुसती मजुरी जात नाहीं, काम थांबविण्याचें सामर्थ्यहि जातें. ही गोष्ट मुंबईला परकी नाहीं. तेथील गिरण्यांत विणकरानें दोन माग सांभाळावेत असा प्रघात होता. त्याच्याकडे तीन किंवा अधिक माग देण्याची योजना मालकांनीं काढली, आणि १९२८ सालीं सुमारें सहा महिने गिरण्या बंद पडल्या. त्या योजनेला मालकांनीं शब्द वापरला होता तो सुव्यवस्थेचा, शास्त्रीयतेचा. कामगारानें प्रश्न विचारला तो एवढाच कीं, एका माणसानें तीन माग चालविले तर उरलेल्या माणसानें कोठें जावें?

आणि येथेंच चापेकच्या नाटकांतील मोठी उणीव आम्हांस दिसते. कारखान्याचा मुख्य चालक डोमिन याचें स्वप्न उदात्त आहे. रोबॉट इतकें धान्य व इतकें कापड निर्माण करतील कीं कोणत्याच वस्तूला किंमत उरणार नाहीं. दारिद्र्य जाईल, मनुष्य श्रमाच्या दास्यांतून सुटेल व केवळ स्वतःला पूर्णत्वास नेण्यासाठीं जगेल. मधल्या काळांत कामगार बेकार होतील हेंहि तो नाकारीत नाहीं. त्यानंतर कामगारांनीं दंगे केले, रोबॉट फोडले, सरकारांनीं रोबॉटांच्या हातीं बंदुका दिल्या, इतका सर्व अनर्थ होतो. पण तो होतो पडद्यामागें, आणि आपल्याला कळतो तो संभाषणांतून. ज्याचें काम गेलें असा एकहि माणूस रंगभूमीवर पाऊल टाकीत नाहीं. श्रमावर लिहिलेल्या या नाटकांत संचालक आहेत, त्यांची मानवतावादी पाहुणी आहे, रोबॉट आहेत. पोटासाठीं राबणारें जिवंत माणूस म्हटलें तर हेलेनाची म्हातारी दाई नाना, आणि तिलाहि लेखकानें देवभोळी बडबड करण्यापलीकडे काम दिलें नाहीं. श्रमांत कांहीं पुण्य होतें, थकव्यांतहि गोडी होती, असें म्हणणारा आल्क्विस्ट हा बांधकामाचा प्रमुख आहे. मनाला विसावा हवा म्हणून तो विटा रचतो. विटांचा हा छंद आम्हांस मोहक वाटतो. परंतु ज्यानें विटा उचलल्याखेरीज संध्याकाळीं चूल पेटत नाहीं त्याचें मत या पुण्याविषयीं काय आहे, तें विचारावयास नाटककार गेला नाहीं. आपल्या मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ कादंबरींत कलेचे दोष हवे तितके दाखवितां येतील. पण तेथें गिरणींतला माणूस प्रत्यक्ष बोलतो.

तो माणूस नाटकांत असता तर चापेकला आणखी एक गोष्ट दिसली असती. त्यानें गृहीत धरलें कीं रोबॉट सर्व कामें करील व माणसाला कांहींच उरणार नाहीं. प्रत्यक्षांत तसें घडलें नाहीं. टेस्ला कंपनीनें ‘मॉडेल थ्री’ मोटारीच्या वेळीं जुळणीचें शक्य तितकें काम रोबॉटांवर सोंपविण्याचा घाट घातला. पण बॅटरीवर काचतंतूची मऊ गादी अंथरणें, जें माणूस न पाहतां करतो, तें रोबॉटाला साधेना, आणि यांत्रिकीकरणाचा अतिरेक झाला असें एलॉन मस्क यांना २०१८ सालीं जाहीरपणें म्हणावें लागलें. कापड, तार, गादी अशी जी जी वस्तु हातांत आकार बदलते ती ती या पोलादी हाताला जड जाते. तेव्हां माणूस उरतो. प्रश्न असा कीं, तो कोणत्या नात्यानें उरतो? अमेझॉन कंपनीनें २०१२ सालीं ७७ कोटी ५० लक्ष डॉलर देऊन किव्हा सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली. तिचा रोबॉट म्हणजे जमिनीलगत धांवणारी ठेंगणी गाडी. ती मालाच्या मांडणीखालीं शिरते, मांडणी उचलते व एका जागीं उभ्या असलेल्या माणसापुढें नेऊन ठेवते. माणसानें दाखविलेल्या खणांतून वस्तु काढावी व पुढें द्यावी. तोंच दुसरी मांडणी हजर. पूर्वींची त्याची मैलोगणती पायपीट वांचली हें खरें. परंतु कोणती वस्तु, कोणत्या क्रमानें, किती वेगानें, हें ठरविणें त्याच्याकडे राहिलें नाहीं. २०२५ सालीं या कंपनीनें आपला दहा लाखावा रोबॉट कामावर आल्याचें जाहीर केलें. अशा कोठारांत वेठ नक्की कोणाकडे आहे, गाडीकडे कीं तिच्यापुढें उभ्या असलेल्याकडे, हें ‘यंत्रमानव’ या शब्दाला विचारून कळणार नाहीं.

१९२३ सालीं लंडनमध्यें हें नाटक झालें तेव्हां शॉ व चेस्टर्टन यांच्यासारख्या मंडळींनीं त्यावर जाहीर वाद केला. चापेकनें उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, तुम्हांस रोबॉटांची चिंता पडली, मला माणसांची होती. आणि माझ्या नाटकांत परस्परविरोधी बोलणारे सगळेच आपापल्या परीनें खरे आहेत. हें उत्तर प्रामाणिक आहे, परंतु नाटकाचा उत्तरार्ध त्याला पुरेसा साक्ष देत नाहीं. हेलेना रोसुमचें मूळ हस्तलिखित जाळते व त्याबरोबर रोबॉट बनविण्याची विद्याच नष्ट होते, ही युक्ति लेखकानें अडचणींतून सुटण्यासाठीं योजली आहे. हजारों माणसें ज्या कारखान्यांत रोज बनत होतीं तेथली विद्या एका कागदाच्या भेंडोळ्यांत असावी हें पटत नाहीं. शेवटीं प्राइमस व हेलेना या दोन रोबॉटांत प्रेम उत्पन्न होतें आणि आल्क्विस्ट त्यांना नवे आदम व ईव्ह ठरवितो. प्रेक्षकांचे डोळे येथें ओले होतात म्हणे. आमचे झाले नाहींत.

पण हे दोष सांगून झाल्यावरहि बुसमान उरतो. हा कंपनीचा हिशेबनीस. बाहेर रोबॉटांचा वेढा पडला आहे, आंत बाकीचे संचालक हा अनर्थ कोणाच्या पापाचा याची चर्चा करीत आहेत. आणि बुसमान आपल्या वह्यांकडे पाहून सांगतो कीं, पाप तुमचें नव्हे व शास्त्राचेंहि नव्हे. जगाला रोबॉट हवे होते. मागणी येत गेली, आपण माल देत गेलों. प्रगतीचीं भाषणें करीत आपण त्या लोंढ्यावर नुसते बसलों होतों. पुढें तोच बुसमान पैसे देऊन रोबॉटांशीं सौदा करूं म्हणून नोटांचीं पुडकीं घेऊन बाहेर जातो आणि विजेच्या तारेला लागून मरतो. नाटकांतील या माणसाला खलपुरुष म्हणतां येत नाहीं, मूर्खहि म्हणतां येत नाहीं. हिशेब त्याचा बरोबर आहे. स्वस्त वस्तु आम्हां सर्वांनाच हवी असते. उद्यां सकाळीं दाराशीं हवी असते. आणि ती कोणाच्या वेठीनें आली हें पुडक्यावर छापलेलें नसतें.

या नाटकाचा मराठी अवतार कोणा नाटककाराला करावासा वाटला तर आमच्या दोन सूचना आहेत. रोबॉटांना पत्र्याचीं चिलखतें घालूं नयेत. संचालक आणि कामकरी यांचे पोशाख शक्य तितके सारखे ठेवावेत, म्हणजे हेलेनाची चूक प्रेक्षकांचीहि होईल. आणि वेळ फार होतो या सबबीवर बुसमानच्या हिशेबाचा प्रवेश कापूं नये. वेळ वांचवावयाचाच असेल तर शेवटचा अंक आहेच.